खोडदच्या दुर्बिणी, पुणे–नाशिक रेल्वे आणि यंत्र घेतल्यानंतरचा खर्च

कुकडीकाठ (धागाकर्ता)

गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चालतो: 'जीएमआरटीमुळे आपली रेल्वे गेली.' जीएमआरटी म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणी. पुणे–नाशिक रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर असा होता. विजेवरच्या गाड्यांनी खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या कामात अडथळा येईल अशी हरकत आली आणि मार्ग बदलावा लागेल असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. आता शिर्डीकडून जाणाऱ्या मार्गाची चर्चा आहे. माझं घर जुन्नर तालुक्यात आहे. टोमॅटोच्या गाड्या नाशिक रस्त्यावर तासन् तास कशा अडकतात हे लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे लोकांचा राग मला कळतो. पण 'त्या छत्र्यांचा काय उपयोग, किती कोटी घातले, उचला आणि न्या दुसरीकडे' असं वाचलं की गप्प बसवत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

खोडदला काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्राने उभारलेल्या ३० दुर्बिणी, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ दुर्बिणी खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीत येतात, तिथे जुळवले जातात आणि ३० दुर्बिणी मिळून एकच दुर्बीण असल्यासारखं काम होतं.

हे एका दिवसात आलेलं नाही. होमी भाभांनी बोलावलं म्हणून डॉ. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये अमेरिकेतून परत आले. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ छोट्या डिश भारताला मिळाल्या होत्या, जेमतेम सहा फुटी. त्या १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ बसवल्या. १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण झाली, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यासाठी असा डोंगर शोधला की त्याचा उत्तर-दक्षिण उतार तिथल्या अक्षांशाएवढाच, म्हणजे साधारण ११ अंश भरावा. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षावर फिरवून एखादा तारा तासन् तास नजरेत ठेवता येऊ लागला. त्याच मंडळींनी पुढे खोडद उभं केलं.

खोडदच्या डिशखाली उभं राहून वर बघितलं तर आभाळ दिसतं, कारण वर पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. मध्यभागी १० मिलिमीटरची भोकं, बाहेरच्या कडेला २० मिलिमीटरची. ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर ती बांधलेली आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, पोलाद कमी आणि खर्चही कमी. वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरी मात्र त्या भोकांतून निसटत नाहीत. देशाकडे पैसे कमी होते आणि त्या अडचणीतून ही रचना निघाली.

उपयोग काय? ही दुर्बीण २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, समिती ते तपासते, मग वेळ मिळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदला टिपला गेला. जून २०२३ मध्ये अतिशय मंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणाऱ्या तरंगांच्या, खुणा मिळाल्याचं जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्याची मोजमापं खोडदची होती.

आता माझा खरा मुद्दा. जीएमआरटी टिकली ती बांधली म्हणून नव्हे, पोसली म्हणून. पूर्वी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकायची, नूतनीकरणानंतर ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. जुनाच सांगाडा, पण कान नवे. यामागे वर्षानुवर्षं पगारावर असलेले तंत्रज्ञ आहेत, अभियंते आहेत, स्वतःची वर्कशॉप आहे. मी स्वतः पुण्यात एका सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत यंत्र चालवतो. यंत्र घ्यायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत, हे रोज अनुभवतो. आपण बैल विकत घेतो आणि वैरणीची तरतूद करत नाही. संशोधनावर सरकारने किती खर्च करावा यावर खूप बोललं जातं, पण झालेला खर्च पंधरा-वीस वर्षं उपयोगी कसा पडेल यावर कुणी बोलत नाही. त्यावर तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

आळेफाटा

कुकडीकाठ भाऊ, छान लिहिलंय. दुर्बिणीबद्दल मला आदरच आहे. शाळेत असताना २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन बघायला सरांनी आम्हाला तिथे नेलं होतं आणि आता माझी मुलंही जाऊन आलीत. पण एक प्रश्न सरळ विचारतो. देशाच्या विज्ञानासाठी ही जागा शांत ठेवायची, कबूल. मग त्या शांततेची किंमत एकट्या आमच्या तालुक्यांनी का मोजायची? कारखाना टाकायचा तर ना-हरकत, टॉवर उभारायचा तर ना-हरकत, आता रेल्वेही गेली. आमची पोरं चाकणला खोली घेऊन राहतात, कारण इथे काम नाही.

प्रकल्पाचा खर्च मोजताना हा खर्च कुठल्याही कागदावर येत नाही. तुम्ही म्हणता वैरणीची तरतूद नाही. मी म्हणतो, ज्याच्या बांधावर बैल बांधलाय त्याला काय मिळतं तेही लिहा.

सुरूचं बन

आळेफाटा यांचा मुद्दा रास्त आहे. पण हा झगडा महाराष्ट्रात पहिल्यांदा होत नाहीये. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत असाच पेच पडला होता.

कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीतून फिरला की चुंबकसूची हलणार आणि इतक्या वर्षांची नोंद मातीमोल होणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांनी अलिबागची जागा निवडली, मुंबईपासून फार लांब नाही आणि विजेच्या ट्रामपासून दूर. तिथली इमारत बांधताना पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय. लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता, सगळं पितळेचं आणि तांब्याचं. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा.

त्यामुळे आज आपल्याकडे १८० वर्षांहून लांब सलग नोंद आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं जे प्रचंड चुंबकीय वादळ झालं, त्याचे कुलाब्याचे आकडे आजही जगभर वापरले जातात. उपग्रह आणि वीजजाळी अशा वादळात किती तग धरतील याचे अंदाज बांधताना लोक तिथे जाऊन पोचतात. १८५९ मध्ये आकडे लिहून ठेवणाऱ्या माणसाला उपग्रह म्हणजे काय हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण त्याचा पगार दर महिन्याला निघत होता आणि वही रोज भरली जात होती.

अलिबागला गेलात तर समुद्रकिनाऱ्याजवळच ही वेधशाळा आहे. बहुतेक पर्यटक तिच्यासमोरून किल्ल्याकडे निघून जातात.

आळेफाटा

सुरूचं बन, हे मला माहीत नव्हतं, वाचून आनंद झाला. पण तुमच्याच गोष्टीत मुंबईला ट्राम मिळाली आणि वेधशाळा हलली. मग खोडदचं तसं का नको?

कुकडीकाठ

आळेफाटा दादा, दोन्हींत फरक आहे. अलिबागला काही खोल्या आणि काही नाजूक उपकरणं न्यायची होती. इथे २५ किलोमीटरमध्ये पसरलेले ३० पाये आहेत, त्यावर हजारो चौरस मीटरची जाळी आहे, जमिनीखालून फायबर आहे. हलवणं म्हणजे नवीन बांधणं. आणि नेणार कुठे? रेडिओदृष्ट्या शांत, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, वारा बेताचा, शिवाय अभियंत्यांना राहता येईल इतकं शहर जवळ, अशी जागा तेव्हाही देशभर शोधून मिळाली होती. आज प्रत्येक डोंगरावर टॉवर आहे.

पण खर्चाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण पटतं. ओव्हरहेड तारेला गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा दांडा, घासतो, ठिणग्या पडतात आणि त्या ठिणग्यांचा खरखराट सगळ्या रेडिओ पट्ट्यांत पसरतो. हा त्रास खरा आहे. तो किती अंतरावर किती राहतो, डोंगराआडून मार्ग नेला किंवा काही भाग बोगद्यातून नेला तर किती कमी होतो, हे मोजता येतं. ती मोजमापं लोकांसमोर मराठीत ठेवायला हवीत, नारायणगावच्या ग्रामसभेत ठेवायला हवीत. 'तज्ज्ञांनी नको म्हटलं' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, होऊ नयेच.

राईनकाठ

न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांसाठीच्या तामिळनाडूतल्या प्रयोगशाळेचं उदाहरण इथे आठवतं. थेनी जिल्ह्यात डोंगराखाली बोगदा करून प्रयोग करायचा, २०१५ च्या जानेवारीत केंद्राने साधारण १५०० कोटींची मंजुरी दिली. लोकांच्या मनात पाण्याची आणि किरणोत्साराची भीती बसली, खटले झाले, राज्य सरकार विरोधात गेलं. प्रकल्प अजून जिथल्या तिथे आहे. न्यूट्रिनो आपल्या अंगातून दर सेकंदाला अब्जावधी जातात आणि काही होत नाही, हे विज्ञान बरोबरच होतं. पण ते गावात जाऊन वेळेवर आणि धीराने सांगितलं गेलं नाही. तोवर चीनने स्वतःची मोठी न्यूट्रिनो प्रयोगशाळा बांधून चालूही केली.

डेडस्टॉक

कुकडीकाठ यांनी वैरणीचा विषय काढलाच आहे तर लिहितो. मी एका विद्यापीठाच्या विभागात बरीच वर्षं उपकरणं सांभाळली. नाव लिहीत नाही, कारण अशी हकिगत बऱ्याच ठिकाणी सापडेल.

आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. उद्घाटन झालं, पेपरात फोटो आला. त्याआधीचे दोन महिने मार्चअखेरची धावपळ: ३१ तारखेच्या आत माल पोचला पाहिजे, बिल लागलं पाहिजे, विनियोग प्रमाणपत्र गेलं पाहिजे. यंत्र कुठे बसवायचं हे त्या गडबडीत ठरलं. जिना चढून वर, लिफ्टच्या मोटरशेजारच्या खोलीत. वीस हजार पटीने मोठं करून बघायचं आणि शेजारी मोटर सुरू झाली की चित्र थरथरायचं. आम्ही लिफ्टला कुलूप लावून फोटो काढायचो.

तरी पहिली तीन वर्षं छान गेली. पीएचडीची पोरं रात्री अकरापर्यंत रांगेत असायची. मग वॉरंटी संपली. वार्षिक देखभालीचा करार मागितला तर तो कुठल्या खात्यातून द्यायचा हे कुणाला माहीत नव्हतं. अनुदान 'उपकरण' या शीर्षकाखाली आलेलं, देखभाल त्यात बसत नाही. विभागाच्या किरकोळ खर्चात ती रक्कम मावत नाही. पुढच्या उन्हाळ्यात चिलरचा कॉम्प्रेसर गेला. चिलर म्हणजे यंत्राला थंड पाणी पुरवणारी साधी यंत्रणा, दुरुस्त करणारा माणूस शहरात मिळतो. पण चिलर हा मूळ यंत्राचा भाग असल्यामुळे दुरुस्ती पुरवठादारानेच करायची, आणि करार नसल्यामुळे तो येणार नाही. फाइल सात टेबलं फिरली. तोवर निर्वात पंपाचं तेल घट्ट झालं, आतला भाग दमट हवेने खराब झाला. चिलरपुरता असलेला खर्च आता सगळ्या यंत्राचा झाला.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या यंत्रावर चादर होती आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ते पूर्ण किमतीला 'सुस्थितीत' म्हणून नोंदलेलं होतं. माझ्या जागेवर आजवर कायमचा तंत्रज्ञ भरलेला नाही.

आमच्याकडे एनएमआर, म्हणजे रेणूंची रचना तपासणारं चुंबकाचं यंत्र, नव्हता याचं मला आता बरंच वाटतं. त्याचं चुंबक उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियममध्ये बुडलेलं असतं, बाहेरच्या आवरणात द्रव नायट्रोजन. नायट्रोजन साधारण आठवड्याला भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. हेलियमची पातळी उतरली तर चुंबकाची अतिवाहकता (विनाविरोध वीज वाहण्याचा गुण) जाते आणि सगळा हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन छताकडे जातो. ते पुन्हा उभं करायला लाखो रुपये लागतात. 'बिल मंजुरीला आहे' हे त्या चुंबकाला सांगता येत नाही.

हिशेबनीस

डेडस्टॉक सरांनी सांगितलेला प्रत्येक टप्पा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघितलाय. मी एका संशोधन संस्थेत खरेदी विभागात आहे. आम्हाला फाइल अडवायची हौस नसते. ऑडिटमध्ये पाच वर्षांनी जो परिच्छेद निघतो, त्याखाली सही आमची असते.

नियमांचं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत बरीच ओढाताण झाली. २०२० मध्ये २०० कोटींच्या आतली जागतिक निविदा बंद केली. हेतू देशी उद्योगाला काम मिळावं हा होता, पण जे उपकरण जगात दोन-तीनच कंपन्या बनवतात त्यालाही खास परवानगी मागत बसावं लागलं. २०२२ च्या जुलैपर्यंत संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता. ती सवलत गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागू लागला. म्हणजे सरकारनेच अनुदान द्यायचं आणि त्यातलाच मोठा वाटा करात परत घ्यायचा. मंजूर झालेली जुनी अनुदानं वाढली नाहीत, त्यामुळे लोकांनी सुटे भाग आणि जादा वॉरंटी यादीतून काढली. पहिला घाव देखभालीवरच बसतो. २०२४ च्या जुलैत प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं होतं. ओरड झाली आणि काही दिवसांतच संशोधनासाठीच्या रसायनांवर ते पूर्ववत केलं, पण तेवढ्यात कितीतरी ऑर्डरी लटकल्या.

चांगलंही लिहायला हवं. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, खरेदी समितीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेची मंजुरी संस्थेच्या संचालकाला किंवा कुलगुरूंना देता येऊ लागली. मला हा बदल मनापासून आवडला. सुटा भाग एका आठवड्यात मागवता येतो म्हणजे काय, हे ज्याचं यंत्र बंद पडलंय त्यालाच कळेल.

पण देखभालीचं दुखणं तसंच आहे. माझं मत स्पष्ट आहे. उपकरणाची मंजुरी देतानाच दहा वर्षांचा देखभाल करार, एक तंत्रज्ञ, वीज आणि जागा यांचा खर्च त्याच मंजुरीत धरावा. त्यामुळे दहाऐवजी सातच यंत्रं येत असतील तर सात घ्यावीत.

पाचवी ब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सगळ्यांचं वाचलं. रागावू नका, पण मनात येतं ते विचारते. माझ्या शाळेत विज्ञानाची पेटी आहे, तिच्यातलं भिंग तडकलंय आणि नवीन घ्यायला मी पगारातून पैसे घालते. अशा वेळी हजारो कोटींची वेधशाळा हे ऐकलं की पोटात कालवतं.

औंढेकर

बाई, तुमचा प्रश्न माझ्याही गावात विचारतात, कारण ती हजारो कोटींची वेधशाळा आमच्याकडेच होतेय. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची पूर्ण मंजुरी. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात, लेझरचा किरण टोकाच्या आरशावरून परत येतो. गुरुत्वीय लहर गेली की दोन्ही बाजूंच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाहून लहान, आणि तोच मोजायचा आहे.

माझी भूमिका सांगतो. शाळेच्या भिंगाचे पैसे आणि लायगोचे पैसे एका डब्यातून येत नाहीत. लायगो रद्द केल्याने भिंग येणार नाही. सगळं मिळून आपण संशोधनावर खर्च करतो तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, हा २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे. चीन २ टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया ४ च्या वर. एवढ्या छोट्या वाट्यात शाळेने वेधशाळेशी भांडावं हे मला पटत नाही. दोघींनी मिळून वाटा मोठा मागावा.

आणि दम धरावा लागतो. अमेरिकेतल्या लायगोचं पहिलं यंत्र २००२ ते २०१० चाललं आणि त्याला एकही लहर सापडली नाही. तरी त्यांच्या सरकारने सुधारित यंत्राला पैसे दिले आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर मिळाली. २०१० मध्ये 'आठ वर्षांत काय मिळालं' म्हणून बंद केलं असतं तर?

आमच्याकडे लोकांच्या शंका वेगळ्या आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जुलैचा तर सकाळी सातच्या सुमाराला, माणसं घराबाहेर पळाली. काहींनी विचारलं, प्रयोगामुळे होतंय का? तेव्हा तिथे लेझरही नव्हता. उलट जमीन शांत म्हणून ही जागा निवडलेली. पण हे समजावून सांगायला शिक्षकच लागतात. आमच्या भागातले काही शिक्षक पुण्याला आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या कार्यशाळांना जाऊन आले आणि गावातली चर्चा त्यांनी बदलली.

पाचवी ब

औंढेकर दादा, उत्तर पटलं. तरी एक म्हणते. जिथे वेधशाळा होतेय त्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला चांगली प्रयोगशाळा द्या. २६०० कोटींत तेवढी जागा सापडेल. आळेफाटा यांनाही मग काहीतरी दाखवता येईल.

आळेफाटा

बाईंच्या सूचनेला माझा पाठिंबा. खोडदच्या आसपासच्या गावांत पहिल्यांदा.

राईनकाठ

जर्मनीत काही वर्षं काम करतेय, म्हणून एक निरीक्षण. हँबुर्गला डेझी ही सरकारी संशोधन संस्था आहे, तिथे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवतात. भारत सरकारही तिथे भागीदार आहे, भारतातले विद्यार्थी अर्ज करून तिथे प्रयोगाला येतात. त्यांच्याशी मराठीत बोलायला मिळतं हा माझा आनंद. ते सगळे एकच गोष्ट सांगतात: इथे यंत्राइतकाच यंत्राजवळचा माणूस बघण्यासारखा आहे. प्रत्येक किरणवाहिनीला (क्ष-किरण प्रयोगापर्यंत आणणाऱ्या नळीला) एक शास्त्रज्ञ आणि अभियंते जोडलेले असतात, त्यांचं कामच बाहेरून आलेल्याचा प्रयोग यशस्वी करणं हे असतं. रात्री दोनला फोन केला तरी माणूस येतो. आणि त्याचं नाव शोधनिबंधात असतं.

असं भारतात होत नाही असं नाही. इंदूरला असाच आपला स्वतःचा क्ष-किरण स्रोत इंडस-२ आहे आणि तो बाहेरच्या संशोधकांना खुला आहे. आयुका तर १९८८ मध्ये याच कल्पनेवर उभी राहिली. जयंत नारळीकरांनी पुण्यात केंद्र काढलं ते देशातल्या सगळ्या विद्यापीठांचं म्हणून, लहान गावातल्या प्राध्यापकाने तिथे यावं, राहावं, काम करावं, परत जाऊन शिकवावं. प्रत्येक विद्यापीठाने स्वतःची दुर्बीण घेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. डेडस्टॉक सरांच्या सूक्ष्मदर्शकाचं दुखणंही तिथेच आहे. यंत्र विभागाचं होतं, विभागाची प्रतिष्ठा होतं. पन्नास कॉलेजांचं असतं तर ते बंद पडल्यावर पन्नास ठिकाणांहून आरडाओरड झाली असती.

डेडस्टॉक

राईनकाठ ताई, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आणि नाव शोधनिबंधात असण्याबद्दल. माझ्या हातून निघालेली छायाचित्रं बऱ्याच प्रबंधांत आहेत. आभाराच्या पानावर नाव आलं की मी ते पान झेरॉक्स करून ठेवायचो.

खानदेशी

नमस्कार, मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. सगळा धागा वाचला. माझा प्रश्न छोटा आहे. प्रोजेक्टसाठी झिंक ऑक्साइडची पावडर बनवलीय, कॉलेजात एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र) नाही. सर म्हणतात बाहेरून करून आण. आमच्यासारख्यांना कुठे करून मिळतं आणि काय तयारी लागते?

कुकडीकाठ

खानदेशी, चांगलं विचारलंस. केंद्राच्या विज्ञान विभागाच्या पैशातून 'सैफ' नावाची केंद्रं चालतात. त्यांचं कामच बाहेरच्यांचे नमुने तपासून देणं आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईला आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. संकेतस्थळावर फॉर्म असतो, विद्यार्थ्यांना वेगळा, कमी दर असतो. शिवाय 'आय-स्टेम' या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांमधली उपकरणं शोधता येतात, जवळ कुठे आहे ते तिथे बघ. फॉर्मवर गाइडची सही आणि विभागाचा शिक्का लागतो.

पावडर पूर्ण वाळलेली, खलात बारीक केलेली, साधारण एक ग्रॅम दे. कमी असेल तर आधी फोन करून विचार. छोट्या बाटलीत, झाकण घट्ट, वर नमुन्याचा क्रमांक, तोच फॉर्मवर. झिंक ऑक्साइडला क्ष-किरणांचा कोन १० ते ८० अंश मोजला तरी पुरे. आणि फक्त छापील आलेख घेऊन येऊ नकोस, मूळ आकड्यांची फाइल माग. स्फटिकांचा आकार तुला त्यातूनच काढता येईल.

डेडस्टॉक

आणि बाळा, पावडर भाजली असेल तर किती अंशांवर आणि किती तास ते बाटलीवरच लिही. फॉर्म आणि बाटली कधीकधी वेगळ्या टेबलांवर जातात. आलेखात झिंक ऑक्साइडची तीन मोठी टोकं ३१ ते ३७ अंशांच्या मध्ये येतात. ती दिसली नाहीत किंवा जादाचं टोक दिसलं तर आलेख इथे टाक, बघू.